ठिगळाची कुळकथा

दुधावर साय वेगळी धरू नये म्हणून डेअरीत दूध प्रचंड दाबाखाली एका बारीक फटीतून दामटतात. 1977 च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, व्हिपनीच्या एका प्रयोगशाळेत अल्बिन टर्बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच यंत्रात लाकडाचा लगदा घातला. पलीकडून लगदा आलाच नाही. आली ती खिमटीसारखी दाट, अर्धपारदर्शक पेज. तिच्यात जवळजवळ सगळं पाणीच, तरी ती ओघळेना.

लाकडाचा तंतू हा काथ्याच्या दोरासारखा असतो. एका दोरात अनेक पेड, पेडात पेड, आणि सगळ्यात आतले पेड मिलिमीटरच्या काही लाखाव्या हिश्शाइतके बारीक. यंत्राने तो दोर उसवला होता. उसवलेल्या पेडांनीच ते सगळं पाणी धरून ठेवलं होतं. आज आपण त्याला नॅनोसेल्युलोज म्हणतो. त्या वेळी डोळ्यांपुढे होते ते खाद्यपदार्थ, रंग आणि मलमं. जुन्या पुस्तकांचा विचार तिथे नव्हता.

या घराण्याचे पूर्वज शोधत गेलं की 1838 साल लागतं. फ्रेंच रसायनतज्ज्ञ आन्सेल्म पायेन यांनी वनस्पतींच्या पेशीभिंतींतला हा समान पदार्थ वेगळा काढला. सेल्युलोज हे नाव त्यानंतरचं. पुढे 1949 मध्ये स्वीडनच्या उप्सालात बेंग्ट रॉन्बी यांनी सेल्युलोजवर गंधकाम्ल चालवलं. आम्लाने तंतूतला ढिला भाग खाल्ला आणि सुईसारखे स्फटिक तेवढे मागे उरले.

मला या कथेतला सगळ्यात विलक्षण दुवा इथेच दिसतो. रॉन्बींनी मुद्दाम घडवलेली क्रिया आपल्या कपाटांत आपोआप चालू असते. एकोणिसाव्या शतकात कागद चिंध्यांऐवजी लाकडापासून होऊ लागला आणि शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी व राळ पडू लागली. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहतं. म्हणून चिंध्यांपासून हाताने केलेल्या जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावरचं मोडी पत्र दोनशे वर्षांनी उलगडता येतं, आणि शंभर वर्षांचं वर्तमानपत्र बोट लावताच चुरतं.

असं पान सावरायचं कसं? जपानमध्ये कोझो नावाच्या झुडपाच्या सालीचा तलम कागद आणि पिठाची पातळ खळ वापरत, आणि आजही तेच सर्वांत भरवशाचं आहे. विसाव्या शतकात मात्र घाई झाली. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पापुद्र्यांत घालून गरम दाबाने चिकटवायला सुरुवात केली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात यंत्राशिवाय, ॲसिटोनच्या बोळ्याने तेच काम करण्याची रीत निघाली आणि ती जगभर ‘भारतीय पद्धत’ म्हणून गेली. हेतू चांगलाच होता. पण ॲसिटेट जुनं झालं की त्यातून शिरक्याचं आम्ल सुटतं. ज्या रोगावर औषध केलं, तोच रोग औषधातून पुन्हा शिरला.

फाटक्या कागदाला नॅनोसेल्युलोजचं ठिगळ लावण्याचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं. कागदही सेल्युलोज, ठिगळही सेल्युलोज. दोघांची जात एक. त्याचे पेड प्रकाशलहरींपेक्षा बारीक असल्याने वाळलेला पापुद्रा पारदर्शक राहतो. वास्तुरचनेचे जुने ट्रेसिंग कागद जोडताना याचा मोठा उपयोग होतो, कारण तिथे कोझोचं ठिगळ पांढरं उठून दिसतं.

कॅनव्हासवरच्या चित्रांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कापड जीर्ण झालं की मागून दुसरं कापड चिकटवण्याची चाल होती. आधी खळीने, मग मेण आणि राळेने, पुढे बेवा नावाच्या कृत्रिम चिकटद्रव्याने. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातील संशोधकांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर 2018 मध्ये तीन तऱ्हांचं नॅनोसेल्युलोज थेट कापडावर लावून पाहिलं. चित्राला ज्या बेताचा ताण सोसावा लागतो, तेवढ्या ताणात तिघांनीही बेवाच्या अस्तरापेक्षा जास्त आधार दिला. अडचण पाण्याची आहे. वजनामागे सर्वाधिक बळ देणारा प्रकारच सर्वांत पातळ करून लावावा लागतो, म्हणजे कापडाला जास्त पाणी पाजावं लागतं. भिजलेलं जुनं कापड आकसतं आणि रंगाचे पोपडे सुटू शकतात. म्हणून हे तंत्र अजून प्रयोगशाळेतून चित्रशाळेत सावकाश येतं आहे, आणि ते सावकाशच यावं असं माझं मत आहे.

आपल्याकडे मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज काढलं जातं. चिंध्यांच्या कागदाचं मूळही कापसातच. या दोन गोष्टी एका टेबलावर याव्यात, असं मनापासून वाटतं.

तोवर एक विनंती. घरात आजोबांची सनद, जुनी पोथी, फाटलेलं पत्र असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. स्वच्छ कागदात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि जाणकार माणूस भेटेपर्यंत तसंच राहू द्या.