कुलूपबंद घरे आणि न्यूट्रॉन तारे

यवतमाळ जिल्ह्यात आपण शिक्षक जनगणनेच्या कामाला गेलो की तांड्यावरच्या काही घरांना कुलूप दिसते. माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. बंद घर म्हणजे ओसाड घर नव्हे, हे आपण जाणतो. न्यूट्रॉन ताऱ्यांची शिरगणती करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे : जे दिसत नाहीत, ते मोजायचे कसे?

प्रचंड ताऱ्याचा स्फोट झाल्यावर न्यूट्रॉनांचा अतिशय घट्ट गोळा मागे उरत असावा, अशी कल्पना बाडे आणि झ्विकी यांनी १९३४ मध्ये मांडली. वस्तुमान सूर्याहून अधिक, पण व्यास वीसेक किलोमीटर! असा तारा सापडणार कसा? १९६७ मध्ये केंब्रिजच्या जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या आलेखावर दर १.३४ सेकंदांनी येणारे स्पंद आढळले. स्वतःभोवती फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा रेडिओ झोत दीपगृहाच्या झोतासारखा आपल्यावरून जात होता. अशा ताऱ्याला पल्सार म्हणतात.

गणतीतली पहिली गळती येथेच होते. ज्यांचा झोत पृथ्वीवरून जात नाही, ते यादीत येतच नाहीत. दुसरी गळती वेगाची. १९८२ मध्ये अरेसिबो येथे डोनाल्ड बॅकर आणि आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या गटाने सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा पल्सार शोधला. इतके वेगवान पल्सार आकाशात आधीही होतेच. आपली नोंदणी मात्र त्यांच्या मानाने संथ होती.

तिसरी गळती जोडताऱ्यांची. पल्सार सोबत्याभोवती फिरत असला, तर त्याच्या स्पंदांमधील अंतर सतत बदलते आणि नेहमीच्या शोधपद्धतीला तो हुलकावणी देतो. येथे आपल्या महाराष्ट्रातली दुर्बीण कामाला आली. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. त्यांचा पसारा सुमारे २५ किलोमीटर, म्हणजे साधारण यवतमाळहून कळंबला जावे एवढा. पल्सार कमी कंप्रतेच्या लहरींत अधिक ठळक असतात, आणि ही दुर्बीण त्याच लहरींसाठी बांधलेली. तिने एनजीसी १८५१ या तारकागुच्छात एक पल्सार टिपला. २००४ मध्ये तो जाहीर झाला. सेकंदाला सुमारे २०० फेऱ्या घेत तो अतिशय लांबट कक्षेत १८.८ दिवसांनी सोबत्याला प्रदक्षिणा घालतो.

पुढे २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीने त्याच गुच्छात आणखी १३ पल्सार दाखवले. एका घराचे कुलूप निघाले आणि आत भरलेले कुटुंब सापडले!

आज ज्ञात पल्सार साडेतीन हजारांहून अधिक आहेत. आपल्या आकाशगंगेतील न्यूट्रॉन तारे मात्र कोट्यवधी असावेत. हा अंदाज येतो कसा? संशोधक संगणकावर ताऱ्यांची काल्पनिक वस्ती वसवतात, तिला या साऱ्या गळत्या लावतात आणि उरलेली यादी प्रत्यक्ष यादीशी जुळते का, ते पाहतात. न जुळल्यास वस्ती बदलतात.

वर्गात अंधार करून बॅटरी आडवी धरा आणि सावकाश गोल फिरवा. मग थोडी तिरकी धरून फिरवा. झोत डोळ्यांवर आला त्यांनी हात वर करावेत. हात मोजून झाल्यावर मुलांना विचारा : वर्गात एवढीच मुले आहेत का?