दुर्मिळ गिनी : विकावी कीं ठेवावी?



गेल्या दिवाळीनंतर माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक लहानशी रेशमी पिशवी घेऊन माझ्याकडे आले. पिशवींत पांच गिन्या होत्या. त्यांच्या आजीच्या पेटींतून निघालेल्या. सोनारानें पांचहि गिन्या तराजूंत टाकून एकच भाव सांगितला होता. परंतु जुन्या नाण्यांचा व्यापार करणाऱ्या दुसऱ्या एका गृहस्थानें त्यांतली एक बाजूला काढून तिच्यासाठीं सोन्याच्या मोलापेक्षां बरेंच अधिक देऊं केलें. "तुम्हीं इतिहास वाचतां," ते मला म्हणाले, "सांगा, विकूं कीं ठेवूं?"

प्रश्न साधा दिसतो, पण गेल्या सव्वाशें वर्षांत तो आपल्या हजारों घरांना पडलेला आहे, आणि प्रत्येक वेळीं त्याचें उत्तर निराळें आलेलें आहे. आज त्याच इतिहासाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपण जिला गिनी म्हणतों ती खरोखर गिनी नव्हेच. इंग्लंडांतील मूळ गिनी १८१४ नंतर पाडली गेली नाहीं. आपल्या घरांत आहे तें १८१७ पासून निघूं लागलेलें सॉव्हरिन नांवाचें नाणें. वजन ७.९८८ ग्रॅम, कस बावीस कॅरट, आणि त्यांत शुद्ध सोनें ११३ ग्रेन. हें प्रमाण आजतागायत बदललेलें नाहीं, आणि त्यावरच या नाण्याची सारी पत उभी आहे.

पत पाहून परकें नाणें आपलेंसें करण्याची संवय आपल्याकडे इंग्रजांच्याहि आधींची आहे. व्हेनिसच्या डुकॅट नांवाच्या नाण्यावर एका बाजूस संत मार्कापुढें गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख, व दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची मूर्ति असे. १२८४ पासून १७९७ मध्यें तें राज्य बुडेपर्यंत या नाण्याचा कस जवळजवळ शंभर नंबरी राहिला. व्यापाराच्या ओघांत तीं नाणीं पश्चिम किनाऱ्यावर आलीं. आपल्या लोकांनीं त्यांवरील आकृति पाहून त्यांना 'पुतळी' म्हटलें, सोनारांनीं त्यांच्या नकला केल्या, आणि पुतळ्यांची माळ हा मराठी स्त्रीचा अलंकार होऊन बसला. त्या माळेंतील पुतळी कोणत्या राज्यप्रमुखाची, अस्सल कीं नक्कल, हें कोणी विचारलें नाहीं. सोनें चोख आहे ना, एवढेंच पाहिलें. गिनीकडेहि आपण बहुतांशीं त्याच दृष्टीनें पाहत आलों.

सरकारची दृष्टि मात्र वेळोवेळीं पालटली. १८९३ मध्यें टांकसाळींत चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची लोकांची मुभा बंद झाली. १८९९ मध्यें सॉव्हरिन हें पंधरा रुपयांचें कायदेशीर चलन ठरलें. पहिल्या महायुद्धांत चांदीची टंचाई झाली. तेव्हां मुंबईच्या टांकसाळींत प्रथम पंधरा रुपयांच्या मोहरा पाडण्यांत आल्या. त्या २१ लक्षांवर गेल्या. पुढें १९१८ च्या ऑगस्टपासून तेथेंच सॉव्हरिन निघूं लागलें. घोड्यावर बसून ड्रॅगन मारणाऱ्या संत जॉर्जच्या पायाखालीं जी जमिनीची रेघ आहे, तीवर बारीकसें 'आय' हें रोमन अक्षर म्हणजे मुंबईची खूण. सिडनीची एस, मेलबर्नची एम, पर्थची पी, ओटावाची सी. तशी ही आपली. १९१९ मध्यें हें काम थांबलें. म्हणजे मुंबईचा शिक्का एकाच सालाचा, आणि संख्या तेरा लक्षांच्या आंत. आमच्या गुरुजींची बाजूला काढलेली गिनी ती हीच.

आतां नफ्याची गोष्ट. १९२० मध्यें सरकारनें रुपयाचा भाव दोन शिलिंग धरला, आणि त्याबरोबर पंधरा रुपयांची गिनी कायद्यानें दहा रुपयांची झाली. परंतु बाजारांत तिच्यांतील सोन्यालाच दहांहून अधिक दाम येत होता. मग दहा रुपयांच्या व्यवहारांत गिनी देणार कोण? ती चलनांतून नाहींशी झाली व पेटींत जाऊन बसली. १९२३ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच गोंधळाच्या काळांत. १९२७ च्या कायद्यानें गिनीचें चलनपण संपलें. सरकारी तिजोरींत मात्र ती १३ रुपये ५ आणे ४ पै या दरानें घेतली जाई. तोळ्याचा सरकारी भाव २१ रुपये ३ आणे १० पै होता, त्याचाच हा हिशेब.

आणि मग १९३१ सालचा सप्टेंबर उजाडला. इंग्लंडनें सुवर्णमानाचा त्याग केला. रुपया पौंडाला बांधलेला असल्यानें सोन्याचा भाव इकडेहि चढला, आणि तीन-चार वर्षांत तोळ्यास तीस रुपयांच्या पलीकडे गेला. गांवोगांवच्या पेट्या उघडल्या. पुढल्या सात-आठ वर्षांत सुमारें तीनशें कोटि रुपयांचें सोनें देशाबाहेर गेलें. सरकारी पक्ष म्हणे, लोक चढत्या भावाचा फायदा घेत आहेत. विरोधी पक्ष म्हणे, हें विपत्तीचें सोनें आहे. खरें पाहतां दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें, पण माणसें निराळीं होतीं. शहरांतील सराफानें भाव पाहून विकलें तो नफा. परंतु जगभरच्या मंदीनें धान्याचे व कापसाचे भाव निम्म्यावर आले, सारा व सावकार मात्र तसेच राहिले, तेव्हां शेतकऱ्यानें बायकोच्या गळ्यांतली पुतळी मोडली. एकवीसच्या जागीं तीस मिळाले तरी त्याला नफा कसा म्हणावें? हातांत आलेले पैसे दुसऱ्याच दिवशीं दुसऱ्याच्या हातांत गेले. आंकडा तोच, पण एकानें मनानें विकलें, दुसऱ्यानें नाइलाजानें.

तिसरी पाळी भीतीची. १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली, आणि १९६८ मध्यें त्याचा कायदा झाला. तो १९९० मध्यें रद्द होईपर्यंत घरांतील सोन्याविषयीं उघड बोलण्यास लोक कचरत. किती जुनीं नाणीं या काळांत मुकाट्यानें वितळून बांगड्या झालीं असतील, याची गणना कोण करणार?

आणि येथेंच दुर्मिळतेचें मर्म आहे. नाणीं किती पाडलीं याला फारसें महत्त्व नाहीं. किती उरलीं याला आहे. १९१७ मध्यें लंडनच्या टांकसाळींत दहा लक्षांवर गिन्या पाडल्या गेल्या. परंतु त्यांतील बहुतेक पुढें वितळल्या, म्हणून आज ती गिनी मोठ्या किंमतीस जाते. उलट मुंबईची गिनी एकाच सालाची असूनहि बरीच उरली, कारण आपल्या आज्या-पणज्यांनीं ती जपून ठेवली. आठव्या एडवर्डच्या कारकीर्दीचें, १९३७ सालचें, सॉव्हरिन चलनांत कधीं आलेंच नाहीं; नमुन्यादाखल पाडलेलीं मोजकीं नाणीं तेवढीं राहिलीं. त्यांतील एक २०२० मध्यें दहा लक्ष पौंडांस विकलें गेल्याचें जाहीर झालें. अशा बातम्या वाचून आपण आपली पेटी उघडतों आणि फसतों.

सोन्याच्या मोलावर जो अधिक दाम मिळतो तो घेणाऱ्याच्या हौसेचा, आणि हौस ही सोन्यासारखी स्थिर नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत गिनीला तिच्यांतील सोन्यापेक्षां इतका अधिक दाम येई, कीं मिलान शहरांत चोख सोन्याच्याच बनावट गिन्या पाडण्याचा धंदा निघाला! १९५७ पासून लंडनच्या टांकसाळीनें पुन्हां गिन्या पाडण्यास आरंभ केला, त्याच्या कारणांत या बनावट मालाला आळा घालणें हेंहि एक होतें. तेव्हां कस बरोबर निघाला म्हणजे नाणें अस्सल, असें समजूं नये.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांपूर्वींचें नाणें ही पुरावस्तु ठरते, आणि ती खासगी माणसाला परदेशीं पाठवितां येत नाहीं. मुंबईच्या गिनीला २०१८ मध्यें शंभर वर्षें भरलीं. म्हणून लंडनच्या लिलावांतला भाव हा आपला भाव नव्हे. आपला भाव येथला ग्राहक देईल तोच. शिवाय २०१३ पासून भारतांत पुन्हां परवान्यानें सॉव्हरिन पाडलें जाऊं लागलें आणि त्यावरहि 'आय' हीच खूण आली; तेव्हां अक्षराबरोबर सालहि पाहावें.

नफ्यासाठीं विकणें यांत पाप नाहीं. ज्याला त्या नाण्याची आवड आहे त्याच्या हातीं तें गेलें, आणि आपल्याला चार पैसे अधिक मिळाले, तर दोघांचेंहि भलें झालें. पण व्यवहारांत एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला अज्ञात, असें असूं नये. एखादी गरजू बाई वजनावर गिनी विकावयास आली, आणि तिचें दुर्मिळपण ओळखूनहि घेणाऱ्यानें मुकाट्यानें वजनाचेच पैसे मोजले, तर कायदा कदाचित् त्याला कांहीं म्हणणार नाहीं. तरी मी त्याला व्यापार म्हणणार नाहीं. याच कारणानें विकणाऱ्यानेंहि एकाच दुकानीं विसंबूं नये. दोन-तीन जाणत्यांना दाखवावें, विकत घेतांनाचा व विकतांनाचा भाव दोन्ही विचारावे, आणि तोंवर नाणें चिंचेनें किंवा राखेनें घासूं नये. घासलेल्या नाण्याचें सोनें राहतें, हौसेचें मोल जातें.

गुरुजींना मीं हें सर्व सांगितलें. आम्हीं दोघांनीं मिळून भिंगांतून गिन्या पाहिल्या. तिघींना कडी जोडल्याच्या डागाच्या खुणा होत्या. आजीच्या गळ्यांत त्या कधींतरी होत्या हें उघड झालें. गुरुजी बराच वेळ त्या खुणांकडे पाहत राहिले. नातीच्या शिक्षणाची फी भरावयाची होती, ती मुदतीनें. शेवटीं त्यांनीं मुंबईची गिनी त्या नाणेवाल्यालाच दिली, पण तीन ठिकाणीं विचारून, आणि पहिल्यानें सांगितल्याहून अधिक दामानें. चौथी, डाग नसलेली, सोनाराला वजनावर गेली. डागाच्या तिन्ही त्यांनीं परत पिशवींत बांधल्या.

"यांना बाजारांत सर्वांत कमी किंमत आहे," मी म्हणालों.

"म्हणूनच ठेवतों," ते म्हणाले, आणि पिशवी खिशांत घालून उठले.