स्वरयंत्राचा प्रगत कर्करोग : शस्त्रक्रिया की किरणोपचार?

स्वरयंत्राचा कर्करोग तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत आढळल्यास रुग्णासमोर दोन मार्ग असतात. स्वरयंत्र संपूर्ण काढून टाकावे, अथवा किरणोपचार आणि केमोथेरपी यांच्या साहाय्याने ते वाचविण्याचा प्रयत्न करावा.

कर्करोगासाठी स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ मध्ये व्हिएन्ना येथे केली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे प्रगत रोगावर हाच मुख्य उपाय मानला गेला. १९९१ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ३३२ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हा समज बदलला. शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि आधी केमोथेरपी, मग किरणोपचार घेतलेले रुग्ण या दोन्ही गटांत दोन वर्षांनी ६८ टक्के रुग्ण हयात होते; दुसऱ्या गटातील ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्रही वाचले होते. २००३ मधील दुसऱ्या अभ्यासात सिस्प्लॅटिन हे औषध किरणोपचारासोबतच दिले असता दोन वर्षांनी ८८ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र टिकून राहिले.

मात्र स्वरयंत्र जागेवर राहणे म्हणजे ते कार्यक्षम राहणे नव्हे. किरणोपचारानंतर काहींना गिळणे अवघड होते, अन्न श्वासनलिकेत जाते, तोंड कायमचे कोरडे पडते. २००३ च्या अभ्यासातील रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर एकत्रित उपचाराच्या गटात कर्करोगाव्यतिरिक्त अन्य कारणांनी झालेले मृत्यू अधिक दिसले. त्याची कारणे पूर्णतः स्पष्ट झाली नाहीत.

गाठ स्वरयंत्राच्या कूर्चेतून आरपार बाहेर पडली असल्यास बहुतेक तज्ज्ञ शस्त्रक्रियेचाच सल्ला देतात. १९९१ च्या अभ्यासात सर्वाधिक पसरलेल्या, म्हणजे 'टी-४' गाठींच्या निम्म्याहून अधिक रुग्णांचे स्वरयंत्र अखेर काढावेच लागले होते. उपचारापूर्वीच स्वरयंत्र निकामी झाले असेल, तर ते वाचविण्यात फारसा अर्थ उरत नाही. किरणोपचारानंतर करावी लागणारी शस्त्रक्रिया अधिक जोखमीची असते. जखम लवकर भरत नाही आणि मानेतून लाळ गळण्याचा धोका वाढतो.

भारतात आणखी एक बाब निर्णायक ठरते. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सात आठवडे चालतात आणि ते मध्येच थांबल्यास परिणाम घटतो. पुढेही नियमित तपासणी आवश्यक असते, कारण रोग उलटल्याचे वेळीच लक्षात आले तरच शस्त्रक्रियेचा मार्ग खुला राहतो. दूरच्या गावाहून येणाऱ्या, रोजंदारीवर जगणाऱ्या रुग्णाला हे जमेल काय, याचा विचार वैद्यकीय अहवालाइतकाच महत्त्वाचा आहे. मूत्रपिंडे अशक्त असल्यास किंवा ऐकू कमी येत असल्यास सिस्प्लॅटिन देता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण मानेवरील कायमच्या छिद्रातून श्वास घेतो. वास कमी येतो, पाण्यात पोहता येत नाही. आवाज मात्र सर्वस्वी जातोच असे नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसविलेल्या छोट्या झडपेमुळे अनेकजण पुन्हा बोलू लागतात. आयात केलेली झडप महाग असते आणि ती वेळोवेळी बदलावी लागते. बंगळुरूचे शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी स्वस्त झडप विकसित केली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. तिची किंमत अवघी ५० रुपये सांगण्यात आली होती.