बिंबाणू आणि व्रणरोपण

जखमी रक्तवाहिनीस रक्तातील बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट, चिकटतात व गुठळीस आरंभ होतो, हे इटालियन शास्त्रज्ञ ज्यूलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली दाखविले. त्यानंतर दीर्घकाळ बिंबाणूंचे कार्य रक्तस्राव थांबविण्यापुरतेच मानले गेले. या समजुतीस १९७४ मध्ये धक्का बसला, आणि तोही निराळ्याच अभ्यासातून. सिअ‍ॅटल येथे रसेल रॉस व त्यांचे सहकारी रोहिण्यांच्या काठिण्याची कारणे शोधीत होते. गोठलेल्या रक्तापासून मिळालेल्या रक्तरसात रोहिणीच्या स्नायुपेशी झपाट्याने वाढत. बिंबाणुरहित रक्तद्रवापासून केलेल्या रक्तरसात ही वाढ खुंटे. त्यात बिंबाणूंतील द्रव्य मिसळताच ती पुन्हा सुरू होई. सबब पेशीविभाजनाची ही प्रेरणा बिंबाणूंकडून येते, असे ठरले. १९८६ मध्ये डेव्हिड नाइटन प्रभृतींनी रुग्णाच्याच बिंबाणूंतील घटक जुनाट व्रणांवर योजिल्याचे प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये अशाच एका घटकाचे कृत्रिम रूप, बेकाप्लर्मिन, मधुमेही पादव्रणांसाठी अमेरिकेत संमत झाले. तथापि जी प्रेरणा व्रण भरते ती अर्बुदासही पोसेल काय, हा प्रश्न उरलाच होता. २००८ मध्ये या औषधावर कर्करोगविषयक ठळक इशारा छापण्यात आला. पुढील पाहणीनंतर २०१८ मध्ये तो काढला गेला. पेशींची वाढ प्रयोगशाळेत काही दिवसांत दिसते. उपचाराची निर्धोकता मात्र रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या निरीक्षणानेच ठरते, असे या इतिहासावरून दिसून येते.