शिवाजी पार्कातील ‘पार्क’

मुंबईकर बागेत फिरावयास जातो आणि मैदानावर खेळावयास जातो. सभा भरते ती शिवाजी पार्कवर, क्रिकेटचे सामने होतात तेही पार्कवर. पण कोणी ‘शिवाजी पार्कात राहतो’ म्हणाला, की तो भोवतालच्या वस्तीतला, हे न सांगता कळते. एवढ्याशा प्रत्ययाने एका परक्या शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवले. हा निवाडा व्याकरणकारांचा नव्हे, दादरकरांचा.

मूळ शब्दात मोकळेपणाचा गंधही नव्हता. जर्मानिक भाषांतील कुंपणवाचक शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मध्ययुगीन इंग्लंडात राजाच्या परवान्याने कुंपण घालून हरणे राखलेले रान म्हणजे पार्क. लंडनचे हाइड पार्क आठव्या हेन्रीने 1536 साली शिकारीसाठीच घेतले. सर्वसामान्यांस ते 1637 साली खुले झाले. लोकांस बाहेर ठेवणारा शब्द अखेर लोकांच्याच जागेचे नाव झाला! तोफा व गाड्या रांगेने उभ्या करण्याच्या लष्करी तळासही हाच शब्द लावीत. आजचे ‘पार्किंग’ हे त्याचेच अपत्य होय.

लंडनचा साहेब या शब्दातील ‘र’ गिळतो, आणि त्याचा ‘प’ किंचित ‘फ’कडे झुकतो. मराठी जिभेने स्वच्छ ‘प’ आणि खणखणीत रफार ठेवला. यास कोणी अशुद्ध म्हणू नये. लंडनकडील इंग्रजीत हा ‘र’ अठराव्या शतकाच्या सुमारास लोपू लागला, त्यापूर्वी तेथेही तो उच्चारला जात असे.

सुमारे 28 एकरांची ही जागा महापालिकेने 1925 साली ‘माहीम पार्क’ म्हणून खुली केली. 1927 साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नाने ‘माहीम’ जाऊन ‘शिवाजी’ आले. व्हिक्टोरिया गार्डनची लोकांनी ‘राणीची बाग’ केली. येथे मात्र ‘पार्क’ हलला नाही. बाग म्हणावी तर मध्ये क्रिकेट, मैदान म्हणावे तर भोवती कट्टा आणि फेरफटका करणारी मंडळी! परका शब्द टिकला, तो बहुधा या सोयीमुळेच.

मात्र ही सोय निर्वेध नव्हती. 2010 साली मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला, तेव्हा पार्क निवांत फिरण्यासाठी की जनसमुदायासाठी, हा वाद न्यायालयापर्यंत पोहोचलेला होता. 2020 साली महापालिकेने ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे नाव केले. त्यातही शेवटचा शब्द तोच राहिला; आणि संध्याकाळी कट्ट्यावर भेटणारे अजूनही एकमेकांस ‘पार्कवर ये’ एवढेच सांगतात.