सन 2000 चा एक अल्बम आणि सन 2000 चा एक नियम

"कसला हा कलकलाट?" हेवी मेटल ऐकणाऱ्या पोराला घरात हे ऐकावंच लागतं, चंदगड असो नाहीतर मुंबई. त्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठीही आज हा थोडा इतिहास. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी मूळ बघू. हे संगीत बंगल्यातल्या पोरांनी काढलेलं नाही. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं शहर, आपल्या शिरोलीच्या फौंड्र्या आठवा आणि त्याच्या कितीतरी पट धरा. तिथे टोनी आयोमी नावाचा 17 वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा चढवल्या, पुढे सूरही खाली उतरवला. मेटलचा तो जड आवाज त्यातूनही घडला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' बँडचा पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि 13 फेब्रुवारी 1970 ला बाजारात आला. मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात.

आता मुंबई. इथली रॉकची पोरं बरीच वर्षं परदेशी बँडची गाणीच वाजवायची. आपला ऑर्केस्ट्रा करतो तेच की. 1988 ला 'रॉक मशीन'ने (उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळी) स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम काढला, पण ते हार्ड रॉक. खरं कडक मेटल म्हणाल तर सन 2000. साहिल मखीजा, जेमतेम कॉलेजच्या वयाचा. त्याने 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा बँड उभा केला आणि त्याच वर्षी पहिला अल्बम काढला, 'डेमनस्टीलर'. मागे मोठी कंपनी नाही. खरं सांगू? ऐकायला कच्चा आहे. पण गाणी स्वतःची आहेत, आणि मला त्याचंच मोल जास्त वाटतं. पुढे त्याने त्याच नावाची रेकॉर्ड कंपनी काढून इतर भारतीय बँडचेही अल्बम आणले. 2010 ला ब्रिटनच्या मेटल हॅमर मासिकाचा 'ग्लोबल मेटल' पुरस्कार या बँडला मिळाला, 2014 ला जर्मनीतल्या वाकन महोत्सवात ते वाजवून आले.

पण ही पोरं वाजवायची कुठे? धोबीतलावाजवळ रंगभवन नावाचं सरकारी खुलं नाट्यगृह होतं. सरकारचं, हे महत्त्वाचं. 1986 ला सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव कित्येक वर्षं तिथे भरायचा. आणि ज्या वर्षी 'डेमनस्टीलर' आला, त्याच वर्षी केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद, आणि दवाखाना, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या शेजारी कॉलेजही आणि हॉस्पिटलही. काही वर्षांत तिथले कार्यक्रम थांबले.

नियम चुकीचा म्हणत नाही मी. आजारी माणसाच्या उशाशी ड्रम नकोच. पण एक जागा बंद केली तर दुसरी द्यायची कोणी? आपल्याकडे मोकळं मैदान म्हणजे बहुतेक गावांत शाळेचंच. आणि दहाच्या नियमाने घाटाखालच्या दशावतारालाही गाठलंय, जो मुळात रात्रभर चालणारा खेळ. येत्या निवडणुकीत मत मागायला येतील त्यांना विचारा, तालुक्यात शाळा-दवाखान्यापासून लांब एक खुला रंगमंच का नाही? भजनी मंडळं आहेत, सोंगी भजनवाले आहेत, बँडवाली पोरंही आहेत. सगळ्यांना चालेल.

आणि दशावतार निघालाच आहे तर, याच डेमॉनिक रिझरेक्शनने 2017 ला 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी, सगळी मेटलमध्ये. तिलारी उतरून ज्यांनी दोडामार्ग-सावंतवाडीकडे रात्र जागवून नाटक बघितलंय, त्यांनी त्यातलं नरसिंहाचं गाणं एकदा हेडफोन लावून ऐका. मग सन 2000 चा तो कच्चा अल्बम. आणि कमेंटमध्ये कळवा, आधीच्या पिढीतल्या कुणाला ऐकवलंत आणि काय बोलणी खाल्लीत.