वेस्ट व्हर्जिनियाच्या रानातील सेदेर : एका साध्या शिपायाची कथा

(पेसाहच्या आधीच्या रविवारी सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इतिहास सेनापतींची नावे जपून ठेवतो, शिपायांची केवळ संख्या सांगतो. आपल्या समाजाला हे नव्याने सांगायला नको. आपले कितीतरी पूर्वज मुंबईच्या फौजेत होते. त्यांपैकी समाजी हसाजी दिवेकर यांचे नाव आपल्या ओठांवर आहे, कारण टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधला. बाकीच्यांची नावे कुठे आहेत? हा प्रश्न मनात ठेवून आज मी तुम्हांला दूरच्या एका रानात नेणार आहे.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेच्या राज्यांत सुमारे पस्तीस लक्ष माणसे गुलामगिरीत होती. ती व्यवस्था टिकवण्यासाठी ही राज्ये संघराज्यातून फुटून निघाली. दोन्ही बाजूंना शिपाई होते ते शेतकरी, कारागीर, दुकानातले मदतनीस आणि नुकतेच युरोपातून आलेले तरुण. उत्तरेच्या पायदळातील शिपायाला महिना १३ डॉलर पगार होता, आणि तोही पुष्कळदा कित्येक महिने हाती पडत नसे. खाण्यास खारवलेले डुकराचे मांस, कॉफी, आणि पीठ-पाणी मळून भाजलेली दगडासारखी कडक बिस्किटे. गोळीपेक्षा हगवण, विषमज्वर आणि गोवर यांचेच भय अधिक. जखमांनी जितके मेले, त्यांच्या जवळजवळ दुप्पट रोगांनी गेले. दोन्ही बाजूंचे मिळून सहा लक्षांहून अधिक सैनिक या चार वर्षांत मृत्यू पावले.

ओहायो राज्याच्या २३व्या पायदळ पलटणीत जोसेफ जोएल नावाचा एक यहुदी शिपाई होता. याच पलटणीत रदरफोर्ड हेज हे अधिकारी आणि विल्यम मॅकिन्ली नावाचा तरुण होता. दोघेही पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. जोएल मात्र आयुष्यभर सामान्य माणूसच राहिला. १८६२ च्या वसंतात ही पलटण आजच्या वेस्ट व्हर्जिनियातील फेयेट गावाजवळ तळ देऊन होती. पेसाह जवळ आला तेव्हा वीस यहुदी शिपायांनी अधिकाऱ्यांकडे सण पाळण्यासाठी रजा मागितली, आणि ती मिळाली. छावणीला माल पुरवणारा एक यहुदी व्यापारी घरी सिनसिनाटीला निघाला होता. त्याने तिकडून मात्सा पाठवण्याचे कबूल केले. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी रसदीची गाडी आली आणि तिच्यात मात्साची सात पिंपे निघाली. पिंपे उघडली, तर आत दोन हग्गादा आणि प्रार्थनेची पुस्तकेही होती!

मग अर्धे शिपाई लाकडाच्या ओंडक्यांची झोपडी उभारू लागले, अर्धे आसपासच्या मुलखात सामान शोधत फिरले. त्यांना एक कोकरू, काही कोंबड्या, अंडी आणि सफरचंदाच्या रसाची दोन पिंपे मिळाली. द्राक्षारस नव्हता, म्हणून त्या रसावरच भागवले. कोकराचा नेमका कोणता भाग ताटात ठेवायचा हे कोणालाच आठवेना, तेव्हा अख्खे कोकरूच शिजवले. हरोसेतचे साहित्य मिळेना. मिसर देशात आपल्या पूर्वजांनी ज्या विटा घडवल्या, त्यांची खूण म्हणून या शिपायांनी ताटात खरीखुरी वीटच ठेवली. ती खाण्याजोगी नव्हती, पण अर्थ पूर्ण झाला. मारोर म्हणून रानातला एक कडू पाला आणला होता. तो इतका जहाल निघाला की तोंडाची आग शमवण्यासाठी सर्वांनी तो आंबलेला रस मनसोक्त प्यायला. परिणामी एकाला आपण मोशे आहोत असे वाटू लागले, दुसऱ्याला अहरोन, आणि तिसरा तर फारोच होऊन बसला. तिघांना उचलून छावणीत न्यावे लागले.

आपण हसलात, हसायलाच हवे. पण त्या रात्री प्रार्थना कोणी चालवली? जोएलनेच. कारण १८६१ च्या कायद्यानुसार पलटणीचा धर्मोपदेशक ख्रिस्ती पंथाचाच असावा लागे. यहुदी समाजाने दाद मागितल्यावर जुलै १८६२ मध्ये तो नियम बदलला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जनरल ग्रँट यांनी आपल्या हाताखालच्या सर्व मुलखातून यहुद्यांना हाकलण्याचा हुकूम काढला. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी तो काही आठवड्यांतच रद्द करविला. ज्या देशासाठी हे शिपाई लढत होते, त्या देशात त्यांची जागा अजून ठरायची होती.

आता दुसऱ्या बाजूचाही एक शिपाई पाहू. व्हर्जिनियाच्या ४६व्या पलटणीतील आयझॅक लेव्ही हा दक्षिणेच्या फौजेत होता. १८६४ च्या पेसाहला त्याने बहिणीस पत्र लिहिले. त्याच्या भावाने चार्ल्सटन शहरातून दोन डॉलर रत्तल या भावाने मात्सा आणला होता, आणि दोघे भाऊ नियमाने सण पाळत होते. ऑगस्टमध्ये पीटर्सबर्गच्या खंदकात तो मारला गेला. वय अवघे एकवीस. मात्सा तोच आणि हग्गादाही तीच. पण दास्यातून सुटल्याची कथा वाचणारा हा मुलगा माणसांना दास्यात ठेवणाऱ्या पक्षासाठी मेला. त्याच्याविषयी मला करुणा वाटते, परंतु ही विसंगती झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. सण पाळणे आणि सणाचा अर्थ पाळणे, या दोन गोष्टी नेहमी एकत्र राहतातच असे नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आले. दुसऱ्याच सायंकाळी पेसाह सुरू झाला. सणाच्या मधल्या शब्बाथला सकाळी लिंकन यांच्या मृत्यूची वार्ता सिनेगॉगांत पोहोचली, आणि आनंदाच्या सणात शोकाच्या प्रार्थना झाल्या.

शिपाई घरी परतले. कोणाचा हात गेला होता, कोणाची छाती रोगाने पोखरली होती. १८६२ च्या कायद्याने लढाईतल्या जखमींना निवृत्तिवेतन मिळे, पण दुखणे युद्धातलेच आहे हे कागदोपत्री सिद्ध करावे लागे. साथीदारांच्या साक्षी आणि डॉक्टरांचे दाखले गोळा करण्यात वर्षे जात. १८९० मध्ये ही अट सैल झाली. दक्षिणेच्या शिपायांना संघराज्याकडून काही मिळाले नाही, त्यांची भिस्त राज्यांच्या तुटपुंज्या मदतीवर राहिली.

यहुदी शिपायांच्या वाट्याला आणखी एक जखम आली. १८९१ साली एका प्रतिष्ठित मासिकात एका माजी सैनिकाने लिहिले की, गणवेशातला यहुदी आपल्याला भेटल्याचे आठवत नाही. वॉशिंग्टनचे वकील सायमन वुल्फ यांनी याचे उत्तर रागाने दिले नाही. त्यांनी नावे गोळा केली. १८९५ साली त्यांचा ग्रंथ निघाला, त्यात आठ हजारांहून अधिक यहुदी सैनिकांची नोंद होती. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये यहुदी माजी सैनिकांनी आपली संघटना स्थापली.

जोएलने त्या सेदेरची हकीकत १८६६ मध्ये एका यहुदी साप्ताहिकात छापली होती. तोवर त्याला अनेक जखमा झाल्या होत्या, आणि त्या रात्रीचे कित्येक साथीदार रणांगणावर पडले होते. तरीही आपल्या आयुष्यातील सर्वांत समाधानाची आठवण तीच, असे त्याने नमूद केले. त्याने लिहिले नसते तर ती वीट, तो पाला आणि ती वीस माणसे, सारे मातीला मिळाले असते.

बंधुभगिनींनो, आपल्यांतही सैन्यात सेवा केलेली वृद्ध मंडळी आहेत. या वर्षी सेदेरच्या मेजावर, मुलांचे चार प्रश्न झाल्यावर, त्यांना पाचवा प्रश्न विचारा: “तुम्ही कुठल्या पलटणीत होता, आणि तिथे पेसाह कसा पाळलात?” आणि सण सरल्यावर, विसर पडण्याआधी, जे उत्तर मिळेल ते लिहून ठेवा.